आधी दशमांश की आधी क्रेडिट कार्ड?

वाचकाचा प्रश्न : मी पिंपरीत एका कारखान्यात नोकरीला आहे. कपातीपूर्वी पगार ६२,०००, हातात येतात ५४,०००. घराचा हप्ता १७,५००, श्रीरामपूरला आईला ५,०००, घरखर्च आणि मुलीची फी मिळून २०,०००, एसआयपी ४,०००. क्रेडिट कार्डाचे १,८०,००० थकलेत. म्युच्युअल फंडात ९०,००० जमा आहेत. आमच्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांचं म्हणणं, दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, कपातीपूर्वीच्या पगारावरच द्यायचा, मग कर्जाचं देव बघून घेतो. बायको म्हणते, आधी कार्ड फेडा. आईला पाठवतो ते दशमांशात धरलं तर चालेल का?

उत्तर : जय ख्रिस्त. कार्डाचं स्टेटमेंट जोडलंत ते बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. १,८०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,४३४. तुम्ही 'मिनिमम ड्यू' म्हणून ९,००० भरता, त्यातले जेमतेम १,५६६ मुद्दलात जातात. आणि महिनाअखेरीस दीड हजार कमी पडतात म्हणून किराणा पुन्हा त्याच कार्डावर. कर्ज जिथल्या तिथं. कपातीपूर्वीच्या पगारावर दशमांश होतो ६,२००. त्याहून मोठी रक्कम तुम्ही दर महिन्याला, एकही रविवार न चुकवता, बँकेच्या पेटीत टाकताय!

आता यात ६,२०० ची भर घातलीत तर ते पैसे कुठून येणार? कार्डावरूनच. म्हणजे अर्पणाच्या थैलीत पडणारी नोट वर्षाला चाळीस टक्क्यांहून महाग व्याजाची. शास्त्रात दशमांश आहे तो हाती आलेल्या पिकाचा, उसन्याचा नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २७वा अध्याय वाचा : जमिनीचं धान्य, झाडाची फळं, आणि मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं दर दहावं जनावर. दहावं. कळपात नऊच असतील तर दहावं येतच नाही.

पाळकसाहेबांनी बहुधा मलाखी ३ वर प्रवचन केलं असणार. दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशकपाटे उघडून आशीर्वाद देईन, हे देवाचं वचन तिथलंच. पण त्याच वचनात 'भांडार' हा शब्द आहे, आणि ते खरोखरचं कोठार होतं. इस्राएलातल्या लेवी वंशाला वाटणीत जमीन मिळाली नव्हती. मंदिराची सेवा करायची आणि लोकांच्या दशमांशावर जगायचं, साधारण आपल्याकडच्या खळ्यावरच्या बलुत्यासारखं. लेवींनीही मिळालेल्याचा दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा, हे गणना १८ मध्ये आहे. नहेम्या १३ मध्ये लोकांनी देणं थांबवलं तर लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले. कोठार रिकामं म्हणजे काय, ते हे. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, वीजबिल आणि पाळकांचा पगार आजही असाच भागतो, म्हणून देऊच नका असं मी म्हणणार नाही. पण 'द्या म्हणजे कर्ज फिटेल' याला माझ्या एक्सेलमध्ये रकाना नाही.

दहा टक्के हा आकडाही वाटतो तेवढा सरळ नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडा. तिथला दशमांश घेऊन परमेश्वर निवडेल त्या ठिकाणी जायचं आणि कुटुंबासह तो खायचा! गाव लांब असेल तर धान्य विकून चांदी करायची आणि तिथं पोचल्यावर बैल, मेंढरं, द्राक्षारस, जीव मागेल ते विकत घ्यायचं. (हा अध्याय कुणी अर्पणाच्या वेळी वाचलेला मी तरी ऐकलेला नाही.) दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी. पुढे यहुदी धर्मपंडितांनी याचं सात वर्षांचं चक्र बसवलं : पहिला दशमांश लेवीला, त्यावर दुसरा यरुशलेमेत खाण्यासाठी, तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी गरिबांचा, सातव्या वर्षी जमीन पडीक. शिवाय तालमुद या त्यांच्या धर्मग्रंथात कमाल मर्यादाही आहे : दान पाचव्या हिश्श्याच्या वर नेऊ नये, नाहीतर देणाऱ्यावरच हात पसरायची वेळ येईल. असा नियम घालणारा माणूस माझ्या धंद्यातलाच असावा असं मला नेहमी वाटतं.

मग कपातीपूर्वीचा पगार की हातात येणारा? मोशेच्या नियमशास्त्रात टीडीएस शोधू नका. माझं मत, हातात येणारा धरा. कर गेला तो गेला. पीएफ तुमचाच आहे, निवृत्तीला हातात येईल तेव्हा त्यातून द्या.

आईचे ५,००० दशमांशात धरू नका, पण त्यांना हातही लावू नका. मार्क ७ मध्ये येशूनं हेच सुनावलंय : आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, म्हणून मोकळे होणाऱ्यांना. घराच्या हप्त्यासारखंच ते तुमचं ठरलेलं देणं आहे.

आता कामाचं. फंडातल्या ९०,००० पैकी ६०,००० काढून कार्डात भरा. ३०,००० अडीनडीला बचत खात्यात. फंडाच्या परताव्याची कार्डाच्या व्याजाशी बरोबरी होणार नाही, तेव्हा एसआयपीही तूर्त थांबवा. राहिलेल्या १,२०,००० साठी कारखान्याच्या कर्मचारी पतसंस्थेत किंवा बँकेत वैयक्तिक कर्ज विचारा. १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी मिळालं तर हप्ता ५,७६० च्या आसपास. घर, आई, घरखर्च आणि हा हप्ता मिळून ४८,२६०. उरतात ५,७४०. त्यातले २,७०० अर्पण, म्हणजे हातातल्या पगाराच्या पाच टक्के. बाकी ३,०४० बचत खात्यात. तिथं ६०,००० साठेपर्यंत दुसरीकडे वळवू नका, मुलीच्या शाळेचं काही ना काही निघतंच. दोन वर्षांनी ५,७६० मोकळे झाले की ५,४०० चा पूर्ण दशमांश कुणाकडे हात न पसरता देता येईल आणि एसआयपीही सुरू होईल.

पाच टक्क्यांची लाज वाटत असेल तर मिझोरामकडे बघा. तिथल्या मंडळीतल्या बायका शिजवायच्या तांदळातून दर वेळी एक मूठ बाजूला काढतात, 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. त्या मुठींवर तिथल्या चर्चचं मोठं काम उभं आहे. तुम्हीही पगार झाला त्याच दिवशी २,७०० वेगळ्या पाकिटात घाला. पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्रात हेच सांगितलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा.

करसवलतीची आशा धरू नका. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, त्यामुळे मंडळीतल्या अर्पणाला ती सहसा नसतेच, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही.

पाळकसाहेबांना हा कागद दाखवायला हरकत नाही. त्याआधी बायकोला दाखवा. आणि कार्डाची बाकी शून्य झाली की बँकेला ते बंद करायला लेखी कळवून 'नो ड्यूज'चं पत्र मागून घ्या. नुसतं कार्ड कापून कचऱ्यात टाकलं तर वार्षिक फी चालूच राहते.