जुनं टँक युनिट फेकू नका

पत्र पहिलं

*सप्रेम नमस्कार. आमच्याकडे वडिलांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी आहे. टाकीला गंज धरला म्हणून ती उतरवून साफ केली, बाहेरून रंगवली. परत बसवल्यापासून पेट्रोलचा काटा जागचा हलेना. गॅरेजमध्ये सांगितलं, टँक युनिट गेलं, आणि बाजारातलं नवं घातलं. आता टाकी काठोकाठ भरली तरी काटा अर्ध्यावरच थांबतो. जुनं युनिट बाबांनी फडक्यात गुंडाळून जपून ठेवलंय. त्यांना तेच परत बसवायचंय. दुरुस्त होईल का? — एक वाचक, सातारा*

होईल, आणि बाबांनी ते ठेवलं हे फार चांगलं केलं. तुमचं पत्र वाचून मला तर शंका आहे की त्या जुन्या युनिटला मुळात काही झालंच नव्हतं.

काटा चालतो कसा, ते आधी बघा. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला पितळी पत्तीचा ब्रश असतो, आणि तो फायबरच्या पट्टीवर गुंडाळलेल्या बारीक तारेवरून सरकतो. पेट्रोल वर-खाली झालं की ब्रशची जागा बदलते, विजेला होणारा रोध बदलतो, गेजमधून (डॅशबोर्डवरच्या काट्याच्या मीटरमधून) जाणारा करंट बदलतो आणि काटा हलतो. तो करंट गेजमधून येतो, युनिटमधून जातो आणि टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीला मिळतो. म्हणजे टाकीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. टाकीवर रंगाचे दोन हात चढले, पट्ट्यांखाली नवं रबर घातलं, युनिटखाली नवं पॅकिंग आलं, की हा रस्ता बंद. युनिट ठणठणीत, पण काटा मेलेला. टाकी रंगवून आणलेल्या गाड्यांमध्ये मी पहिल्यांदा हेच बघतो.

म्हणून काही उघडण्याआधी एवढं करा. इग्निशन चालू करून युनिटवरची गेजची तार काढा. काटा एका टोकाला जाईल. मग तार बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला क्षणभर टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला पाहिजे. निघाला तर गेज आणि तार दोन्ही चांगली. तार टेकवून धरून ठेवू नका, काही गेजची आतली कॉइल त्याने जळते. शिवाय तार टेकवताना बारीक ठिणगी पडते, तेव्हा ती युनिटपासून लांब, मोकळ्या हवेत टेकवा. डिकीत पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

मग युनिटच्या एका स्क्रूखालून वेगळी तार काढून ती थेट बॉडीला, रंग खरवडून, घट्ट बसवा. जुनं युनिट परत बसवलंत तर तुमच्या बाबतीत एवढ्यावरही भागेल. पण आता बसवलेल्या नव्या युनिटवर ते पूर्ण भागणार नाही, असं मला वाटतं. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून मिळणाऱ्या युनिटांचा रोध एकसारखा नसतो. काही रिकाम्याला १० ओहम (ओहम हे रोधाचं माप) आणि भरल्याला १८० दाखवतात, काही रिकाम्याला २४० आणि भरल्याला ३३. गेज मात्र त्याच्या जोडीच्या युनिटसाठीच बनवलेलं असतं. जोडी जुळली नाही की काटा अर्ध्यावर थांबतो किंवा उलटाच चालतो. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, त्या गेजच्या मापाचं नवंकोरं युनिट मिळेलच याची खात्री कोण देणार? जे मूळ आहे तेच धरून राहा.

आता जुनं युनिट टेबलावर घ्या. डिजिटल मल्टिमीटरपेक्षा काट्याचा जुना मल्टिमीटर इथे जास्त उपयोगी. एक पिन टर्मिनलवर, दुसरी युनिटच्या बॉडीवर ठेवून दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मीटरचा काटा न अडखळता सरकला तर आतली तार शाबूत आहे. मध्येच दचकला तर ब्रशखाली मळ आहे. एका जागी थेट अनंतावर गेला तर तिथे तार तुटलीय. दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

मळ असेल तर पत्र्याचं झाकण उघडा. ते चार कान दुमडून बसवलेलं असतं. कान वारंवार वाकवले की तुटतात, म्हणून एकदाच आणि सावकाश. तारेवर पॉलिश पेपर कधीही लावू नका. तार केसाइतकी बारीक असते, पेपरच्या दोन फेऱ्यांत ती अर्धी होते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि कापूस पुरे. ब्रशने तारेवर खोल चर पाडला असेल तर मी ब्रशची पत्ती चिमट्याने किंचित बाजूला वाकवतो, इतकी की ती जुन्या चराच्या शेजारी, कोऱ्या तारेवर टेकेल. त्याच युनिटला त्यातून पुढची कित्येक वर्षं मिळतात. दाब मात्र हलकाच ठेवायचा.

तार तुटली असेल तर ती पुन्हा गुंडाळावी लागते. आमच्या कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, मोटार वायंडिंग करणाऱ्यांची कमतरता नाही, साताऱ्यातही असतीलच. त्यांचे हात हे काम करतील, पण त्यांच्याकडची तांब्याची तार चालणार नाही. इथे रोधाची तार लागते, बहुतेक निक्रोमची. जुन्या तारेचा व्यास मायक्रोमीटरने मोजा आणि तोच आणा. इथे ‘जवळपास’ चालत नाही: ०.१५ मिमी जाडीच्या निक्रोमच्या एका मीटरला साधारण ६० ओहम भरतात, आणि ०.३ मिमीच्या मीटरला जेमतेम १५. गणपतीत थर्माकोल कापायच्या कटरला जी तार असते तीही निक्रोमच, पण बहुधा जाड पडते. जुनी तार सोडवताना वेढे मोजा. पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती असेल तर ती मुद्दाम तशी केलेली आहे, टाकीच्या आकाराचा हिशेब त्यात धरलेला असतो. ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याला ती सरळ करू देऊ नका. वेढ्यांमध्ये मुळात होतं तितकंच अंतर ठेवा. टोकं मुळात जशी दाबून धरली होती तशीच पक्की करा, कारण निक्रोमला साध्या फ्लक्सने सोल्डर धरत नाही.

आता फ्लोट. पितळेचा असेल तर कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोकाचा आहे आणि बुडून राहतोय. भोक सापडत नसेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात, शेगडीपासून लांब, उघड्यावर बुडवा, बुडबुडा जिथून येईल तिथे भोक. आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवायची नाही. बंद डब्यात अडकलेली ती वाफ स्फोट घडवते. पेट्रोल पूर्ण काढून, गरम पाण्याने आतून पुन्हा पुन्हा धुऊन, वास पार गेल्यावर आणि आतून कोरडा झाल्यावरच सोल्डर लावा. एक भोक शेवटपर्यंत उघडं ठेवा आणि तो गार झाल्यावर ते बंद करा. सोल्डर कमीत कमी, नाहीतर फ्लोट जड होऊन खाली बसेल.

फ्लोट बुचाचा असेल तर त्यावरचं लाखेचं कोटिंग तपासा. सुतार चपडी, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो, आणि आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, त्यात लाख टिकत नाही. मग बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि काटा दिवसेंदिवस कमी दाखवायला लागतो. अशा वेळी बूच बदलून त्याच मापाचा नायट्राइल रबराचा किंवा पितळेचा फ्लोट लावा. दांडी मात्र मूळचीच ठेवा. पॅकिंगलाही लाख नको आणि सिलिकॉनही नको, सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. इंधनासाठी बनवलेलं रबरच घ्या.

बसवण्याआधी युनिट गाडीच्याच तारांना जोडून, अर्थची (बॉडीला जाणारी) तार लावून, बाहेरच दांडी वर-खाली करून बघा. हे टाकीपासून लांब करा. ‘रिकामी’ची खूण आधी जुळवा, ‘भरलेली’ नंतर. टाकी भरल्यावर काटा थोडा अलीकडे थांबला तर काही बिघडत नाही, पण काटा पेट्रोल दाखवतोय आणि गाडी घाटात बंद पडली असं व्हायला नको. फरक असेल तर दांडी किंचित वाकवा. युनिटवर दुसरी तार असेल तर ती रिझर्व्हच्या लाल दिव्याची. दांडी तळाला नेल्यावर दिवा लागतो का, तेही आताच बघून घ्या.

युनिट काढताना-घालताना बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी ठेवा, गाडी उघड्यावर घ्या, टाकीतली पातळी खाली आणा. बाबांना जवळ बसू द्या, पण विडी-सिगारेट कुणाचीही नको.

पत्र दुसरं

*माझी १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. मूळ सेंडर खराब म्हणून हुबेहूब दिसणारा नवा बसवला, पण टाकी भरलेली असताना काटा पाऊणच्या वर जात नाही. मूळ सेंडर डब्यात आहे. — एक वाचक, न्यू जर्सी*

सेंडर म्हणजे वरचं टँक युनिटच. तुमच्या गाडीचं बरं आहे, आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत: टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओहम, भरलेली असताना १०. नवा सेंडर बाहेर काढून दोन्ही टोकांना मोजा. भरल्याच्या टोकाला १० ओहमपेक्षा बराच जास्त आकडा दाखवत असेल तर दोष तिथेच सापडला. मूळ सेंडर मोजा आणि वर सांगितलंय तसा साफ करा. पितळी फ्लोट बदलायला सोपा आहे, चिमटीतून सुटतो.

गेज तपासायला सेंडरच्या तारेला आधी १० ओहमचा आणि मग ७३च्या आसपासचा रेझिस्टर (६८ आणि ४.७ एकापुढे एक) लावून तो बॉडीला जोडा. पाच वॅटचे घ्या. काटा दोन्ही खुणांवर बरोबर आला तर गेज निर्दोष. तापमानाचा काटाही सोबत चुकत असेल तर मात्र सेंडर सोडा आणि डॅशबोर्डमागचा व्होल्टेज रेग्युलेटर बघा. तो १२ व्होल्ट सतत तोडून-जोडून सरासरी ५ व्होल्ट देतो आणि त्याला अर्थ त्याच्या पत्र्यातूनच मिळतो. तिथे कुणी रंग मारला असेल तर तो तोडणं बंद करतो, पूर्ण १२ व्होल्ट गेजवर जातात आणि गेज जळतं. त्याच कारणाने गेजला बॅटरी थेट लावून बघू नका.

तुमचा सेंडर टाकीच्या पुढच्या अंगाला, गाडीखालून काढायचा आहे. त्यामुळे टाकी पुरेशी रिकामी केल्याशिवाय सेंडर धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगला हात लावू नका. रिंग पितळी पंचाने फिरवा, लोखंडी पंचाने ठिणगी पडते. सेंडरवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळीची पिशवीही याच वेळी बदला.

पत्र तिसरं

*जुन्या सीजे-३बी जीपचा काटा खड्ड्यातून जाताना पार इकडून तिकडे नाचतो. युनिट बदलू का? — एक वाचक, रत्नागिरी*

बदलू नका. टाकीतलं पेट्रोल हिंदकळतं आणि त्या काळच्या कॉइलच्या गेजचा काटा ते लगेच दाखवतो. नंतरची गरम पट्टीवर चालणारी गेजं मंद असतात, म्हणून त्यांत हे दिसत नाही. सपाट जागी गाडी उभी करून काटा एकाच ठिकाणी स्थिर होतो ना, तेवढं बघा. उभ्या गाडीतही थरथरत असेल तर युनिटची दांडी बिजागरीत ढिली झालीय किंवा अर्थ कच्चा आहे, अर्थ आधी तपासा. तुमची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे. लाकडी काठीवर लिटरच्या खुणा करून ठेवल्यात, तर कोकणातल्या लांबच्या रस्त्याला निघण्याआधी काट्याची खातरजमा करता येईल.