पेटीतलं लेकरू आपलं वाटेल का?

यावल भागातलं जोडपं. केळीचा मळा, लग्नाला बरीच वर्षं झालेली, तिच्या दोन्ही गर्भनलिका बंद. डॉक्टरांनी आयव्हीएफ सांगितलं, म्हणजे बीजं आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणायचे, भ्रूण काही दिवस उबेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) वाढवायचा आणि मग गर्भाशयात सोडायचा. नवरा लगेच तयार झाला. अडून बसली ती. परदेशात बीजं आणि शुक्राणू एका कुपीत घालून ती कुपी बाईच्याच अंगात ठेवतात, असं तिने मोबाइलवर पाहिलं होतं.

"मॅडम, माझं तसंच करा. सासूबाई म्हणतात, मायना पोटमा नही, पेटीमा?"

यंत्रात वाढलेलं लेकरू आपलं वाटेल का, अशक्त तर निघणार नाही ना, हे बायका मला नेहमी विचारतात. बहुतेक वेळा नवरा बाहेर गेल्यावर. ही त्याच्यासमोरच बोलली, ते बरं झालं.

कुपीची गोष्ट खरी आहे. इन्व्होसेल नावाच्या कुपीला अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. पण ती गर्भाशयात नाही, योनिमार्गात ठेवतात. बीजं सुईने काढावी लागतातच. तीन ते पाच दिवसांनी कुपी बाहेर काढून भ्रूण तपासतात आणि त्यातला निवडून गर्भाशयात सोडतात. म्हणजे प्रयोगशाळा काही सुटत नाही. तिचा चेहरा उतरला.

नवरा मदतीला धावला. "अगं, टिश्यू कल्चरची रोपंपण बाटलीतच होतात ना?"

"लेकरू म्हणजे केळीचं रोप आहे का?"

मला तिचंच पटलं. उदाहरण बाजूला ठेवून मी कागदावर गर्भनलिका काढली. एरवीही फलन या नलिकेत होतं. पुढचे चार-पाच दिवस भ्रूण सुटाच असतो. नाळ नाही, आईचं रक्त त्याला पोचत नाही. सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात रुजू लागतो. आयव्हीएफमध्ये हे सुटे दिवस तेवढे पेटीत जातात, अंगाच्याच उबेत, ३७ अंशांवर. पुढचे सगळे महिने आईच्याच पोटात. अशक्तपणाचं म्हणाल, तर १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मलेली मुलगी आता स्वतः आई झाली आहे.

ती कागद बघत राहिली. मग म्हणाली, "पण ते पाच दिवस त्याच्याजवळ कोण असतं?"

खरी भीती ही होती. भ्रूणतज्ज्ञ काय करतो, डिशवर दोघांचं नाव आणि क्रमांक कसा घालतात, हे मी सांगितलं. दर वेळी नाव दुसरा माणूस पडताळतो का, हे केंद्रात बेधडक विचारा, असंही बजावलं. कुपी हवीच असेल तर तिच्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. मात्र आईपण सिद्ध करायला म्हणून नको.

पुढच्या खेपेला सासूबाई सोबत आल्या. पेटीचा विषयही काढला नाही. "खर्च किती?" एवढंच विचारलं.