हरकत घेतली नाही, एवढंच लिही

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दाव्याच्या भाषांतराची तीन पानं परवा रात्री वाचली. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीशी तू पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंयस आणि मग खोडलंयस. खोडलेलं दिसतं. ओळ अशी: 'वादीने सदर अडथळ्यास एक वर्ष संमती दिली.' सोबतच्या मेलमध्ये तू लिहितेस की 'अ‍ॅक्विएसन्स'ला, म्हणजे माहीत असूनही हरकत न घेण्याला, शब्द सापडेना, वकीलसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, संमती लिही, चालतंय. म्हणून ठेवलं, पण मनाला पटत नाही.

म्हणजे शंका आली होती, ती रास्त होती, आणि ती तूच खोडलीस. याचा मला राग आला. शब्द न सापडल्याचा नाही.

आता त्या वादीकडे बघ. शेताला जायचा त्याचा गाडीरस्ता शेजाऱ्यानं बाभळीच्या काट्या टाकून बंद केला. म्हातारा वर्षभर ओढ्यात बैल घालून वळसा मारत राहिला. अर्ज नाही, भांडण नाही. यात त्यानं 'दिलं' काय? संमती द्यावी लागते, तिला देणारा लागतो. याच्या हातात तर कासरा होता.

कायदा काय म्हणतो ते नीट वाच. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरेच्या हक्काच्या कायद्याच्या, कलम १५ प्रमाणे वीस वर्षं बिनखंड वहिवाट झाली तर रस्त्याचा हक्क तयार होतो. या वहिवाटीत खंड पडला असं केव्हा धरायचं, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. अडथळा झाला आणि तो कुणी केला, हे दोन्ही कळल्यावरही माणसानं वर्षभर तो निमूट चालवून घेतला, तर. तिथं दोन क्रियापदं शेजारी शेजारी आहेत. एकात मान तुकवणं आहे, दुसऱ्यात गप्प राहणं. 'कन्सेन्ट' तिथं नाही. आणि तो शब्द कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हता असंही नाही. दहाच वर्षं आधी, १८७२ च्या करार कायद्यात, कलम १३ मध्ये त्यांनी त्याची व्याख्या करून ठेवली होती: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य करणं. तयार शब्द हाताशी असताना त्यांनी इथं वेगळा घेतला, आणि तू तो परत बदलून टाकलास.

त्या म्हाताऱ्याला वेळेत कुणी सांगितलं असतं, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत त्याला तहसीलदाराकडे दाद मागता आली असती. नाही सांगितलं कुणी. कदाचित तो दावा हरेल. हरू दे. गप्प बसला म्हणून हरू दे, 'हो' म्हणाला म्हणून हरता कामा नये. तो 'हो' म्हणालाच नाही, तो तू त्याच्या तोंडी घातलास.

शब्द सापडेना म्हणतेस? लॅटिनमधल्या ज्या धातूवरून तो इंग्रजी शब्द आला, त्याचा अर्थ स्वस्थ पडून राहणं, शांत होणं. आपल्याकडे याला शब्दांचा तोटा नाही, उलट निवडताना दमछाक होते. 'चालवून घेणं' म्हणजे मनाविरुद्ध आहे, पण थांबवायला जाण्याइतकं बळ किंवा इच्छा नाही. 'खपवून घेणं' यात घेणाऱ्यावर थोडा ठपका येतो, याला अडवता आलं असतं आणि यानं अडवलं नाही. 'सोसणं' यात ठपका पूर्ण उलट्या बाजूला जातो. 'निमूटपणे' हा बघणाऱ्याचा शब्द, लांबून पाहून म्हटलेला. आणि 'मुकाट्यानं' तर बहुतेक वेळा जोरवाल्याच्याच तोंडी असतो. मुकाट्यानं जेव. मुकाट्यानं सही कर. बोलणारा एक आणि मुका दुसराच. 'मूकसंमती' पुस्तकी आहे, कोर्टात चालतो, मीही तो कैक वेळा वापरलाय. पण त्यातला 'मूक' वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून निसटतो आणि 'संमती' तेवढी उरते. म्हणून मला तो नको असतो.

तुझे वकीलसाहेब 'मौनं संमतिलक्षणम्' तोंडावर फेकतील. फेकू देत. त्यांना 'लक्षण' या शब्दाचा अर्थ विचार. ताप हेही लक्षणच. तो हिवतापात येतो, टायफॉइडमध्ये येतो आणि दाढ सुजली तरी येतो. नुसता ताप बघून रोगाचं नाव लिहिणाऱ्या डॉक्टरकडे तू जाशील का?

मला विचारशील तर या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक मराठी गावच्या चावडीवर लिहिली जाते. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला की संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. मुदत संपली की मंडल अधिकारी शेरा मारतो: 'मुदतीत हरकत आली नाही. नोंद प्रमाणित.' बघ, किती सरळ. 'सर्वांची संमती आहे' असं तो लिहीत नाही. कोण खूश, कोण रडलं, कोणाला नोटीस वाचताच आली नाही, यात तो पडत नाही. घडलं तेवढं लिहितो. तूही तेच लिही: 'माहीत असूनही वादीने एक वर्ष हरकत घेतली नाही.' आठ शब्द. यात कायद्याला हवं ते सगळं आलं. माहिती आली, मुदत आली, न बोलणं आलं. ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यातलं कलम ३३ कधी समोर आलं तर तिथंही हेच कर. दुसऱ्याचं नोंदणीकृत चिन्ह वापरात आहे हे ठाऊक असून सलग पाच वर्षं हरकत घेतली नाही. परत सांगतो, हरकत घेतली नाही.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटत असेल तर देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं १९७२ चं प्रकरण काढून वाच. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. कोवळ्या वयाची आदिवासी मुलगी, रात्रीचं ठाणं, दोन पोलीस, बलात्काराचा आरोप. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. भीतीनं निमूट राहणं वेगळं आणि संमती वेगळी, असं ते म्हणाले. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्याचा गाभा तुझ्या चौथ्या ओळीत आहे: संमतीत शरण जाणं असू शकतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. १९८३ ला कायदा बदलला. २०१३ ला आणखी स्पष्ट झाला, नुसता अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून तिची संमती होती असं धरायचं नाही. रस्त्याच्या दाव्यात हे कशाला, म्हणशील. शब्द तोच आहे म्हणून. तू एकदा काट्यांच्या कुंपणाला 'संमती दिली' लिहायला लागलीस की हात वळतो. मग कशालाही तसंच लिहितेस.

हात वळतो हे मी अनुभवानं सांगतोय.

वडील गेल्यावर वारस नोंद लागली, माझं नाव, भावाचं आणि बहिणीचं. बहिणीचं हक्कसोडपत्र मीच लिहिलं. कोर्टात रोज भाषांतरं करत होतो, बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे? शेवटची ओळ पाठ होती, प्रत्येक दस्तात असते: 'हा लेख मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिला असे.' दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. ती सकाळी सहाच्या एसटीनं आली होती, डब्यात आम्हा दोघा भावांसाठी धपाटे घेऊन. कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं तो वाचला नाही. विचारलं, 'दादा, कुठं करू?'

काय करू, असं नाही. कुठं करू.

मी बोट ठेवलं, तिनं सही केली, अंगठा उठवला. शाई पुसायला मी कागदाचा कपटा दिला. साहेबांनी विचारलं, मान्य आहे ना, तर ती माझ्याकडे बघून 'हं' म्हणाली. त्या 'हं'चं मी त्यांच्यापुढं आणि स्वतःपुढं भाषांतर केलं. संध्याकाळी साडीचोळी केली. चांगली घेतली होती, हलकी नाही.

आता यावर तू मला न्यायाधीशासारखी बघू नकोस. त्या काळात घरोघरी असंच होत होतं. तिच्या सासरी बारा एकर बागायत, आमची पावणेतीन एकर जिरायत, त्यातला तिचा वाटा काढला तर उरणार काय? मागितला असता तर मी दिला असता, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगेन. पण तिनं मागितलाच नाही. इतक्या वर्षांत त्या जमिनीबद्दल ती एक शब्द बोललेली नाही, दर भाऊबीजेला येते, हसून जाते. नाराज असती तर कधीतरी बोललीच असती ना.

हे वाक्य लिहून मी जरा थांबलो होतो. खोडणार होतो. तुझी खोडलेली पेन्सिल दिसली होती मला, तशी तुलाही ही दिसली असती, म्हणून राहू देतो.

तर, वकीलसाहेबांकडे परत जा. भांडू नकोस, पण 'चालतंय' ऐकून परतही येऊ नकोस. त्यांना सांग, वादीच्या जबाबात 'मी काही बोललो नाही' असं आहे, आणि मी तेवढंच लिहिणार. चिडले तर चिडू देत, तुझी नोकरी काही एका ओळीवर जात नाही. गेलीच तर माझ्याकडे ये, भाषांतराची कामं मी देईन, पैसे कमी मिळतील.

दुसरं पान नव्यानं टाइप करून शुक्रवारपर्यंत पाठव. पहिल्या पानावर 'सर्व्हे नंबर' आणि 'गट नंबर' दोन्ही एकाच जमिनीला वापरलेयत, तेही बघ. आणि त्या स्टॅम्पवाल्याकडचे छापील मसुदे वापरणं सोड, त्यात शेवटची ओळ आधीच छापलेली असते.