अ‍ॅल्युमिनियमची पाँटून बोट खाडीत किंवा समुद्रात चालवली तर पाँटून (बोट तरंगती ठेवणाऱ्या पोकळ नळ्या) गंजतील का?

चालवता येते, पण गोड्या पाण्यातली तयारी तशीच ठेवली तर पाँटून खड्डे पडून झिजतात. खरा शत्रू नुसतं मीठ नाही. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की त्यांची बॅटरी बनते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

म्हणून आधी अ‍ॅनोड (बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) बघा. गोड्या पाण्यासाठीचे मॅग्नेशियमचे असतील तर काढा, ते खाऱ्या पाण्यात फार लवकर संपतात. समुद्रात जस्ताचे चालतात. खाडीत मात्र अ‍ॅल्युमिनियमचे लावा, कारण कमी खारट पाण्यात जस्तावर थर चढून ते निकामी होतं. निम्मा झिजला की बदला. त्यावर रंग लावू नका (हे सर्रास होतं!) आणि बसवताना खालचा धातू घासून उघडा करा, नाहीतर अ‍ॅनोड नुसता शोभेचा.

बोट कायम पाण्यात राहणार असेल तर कालवं चिकटू नयेत म्हणून रंग लागतोच. तांब्याच्या ऑक्साइडचा रंग अ‍ॅल्युमिनियमवर कधीही नको. आधी इपॉक्सी प्रायमर, मग अ‍ॅल्युमिनियमसाठीचा म्हणून मिळणारा रंग. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला.

प्रत्येक फेरीनंतर आउटबोर्डमधून (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरमधून) दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवा, पाँटूनच्या मधल्या सांध्यांत पाइप मारा. धक्क्याला बांधून ठेवताना मोटर वर उचला.

आणि उघड्या समुद्रातल्या लाटांत नेऊ नका. पुढची डेक बुडते.