गेमला ९० मार्क आहेत, घेऊ का?

प्रश्न : मुलाकडे जुना पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल) आहे. मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर १०० पैकी ८५-९० स्कोअर दिसला की गेम डोळे झाकून घेतला तर चालेल का? चार-पाच हजार घालवायचे म्हणजे जिवावर येतं हो. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : डोळे झाकून अजिबात नको! तो स्कोअर म्हणजे बऱ्याच समीक्षकांच्या मार्कांची सरासरी, त्यातही काहींच्या मताला जास्त वजन, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कन्सोलचा स्कोअर वेगळा असतो ते कुणी बघतच नाही. सायबरपंक २०७७ या गेमचंच उदाहरण बघा ना, डिसेंबर २०२० मध्ये रिलीजच्या आधी आलेले रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले, पीसीला ८६ आणि पीएस४ला नंतर ५७, लोकांनी आधीच पैसे भरलेले आणि घरी गेम अडकतोय, मधेच बंद पडतोय, शेवटी सोनीने साधारण आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि रिफंड दिले. गिऱ्हाइकाची काय चूक यात? मला तर फार राग आला होता. त्यामुळे पीएस४चाच स्कोअर उघडा, आणि कमी मार्क देणाऱ्याचा रिव्ह्यू पूर्ण वाचा, त्याला जे खटकलं ते तुमच्या मुलाला खटकेल का ते लगेच कळतं. जमलं तर मित्राची डिस्क आणून एक संध्याकाळ खेळू द्या त्याला, मग पैसे काढा.