जुना प्रोग्राम आणि नवं विंडोज

प्रश्न : झाडांच्या नोंदी ठेवण्यासाठी मी २००१ साली सीडीवर घेतलेला एक प्रोग्राम आजही वापरते. पानांची ठेवण, फुलोऱ्याचा काळ, झाड कुठे दिसलं, सगळं त्यात आहे. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. जुन्या कॉम्प्युटरवर, विंडोज ७ मध्ये, तो विनातक्रार चालतो. आता विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला. बाहेरचा ड्राइव्ह जोडून सीडी लावली, तर सेटअप सुरूच होत नाही. हे ॲप या पीसीवर चालणार नाही, एवढंच सांगतो. भाच्याने कंपॅटिबिलिटी मोडही लावून पाहिला. जुना कॉम्प्युटर लवकरच देऊन टाकायचा आहे. काय करू?

उत्तर : ताई, एकच कळकळीची विनंती, तो जुना कॉम्प्युटर एवढ्यात कुणाला देऊ नका. प्रोग्राम चालवण्याचे दोन-तीन मार्ग आहेत आणि ते सावकाश शोधता येतील. पण इतक्या वर्षांच्या नोंदी गेल्या, तर त्या कुठल्याच सीडीवर मिळायच्या नाहीत.

म्हणून आधी नोंदी. त्या काळचे प्रोग्राम आपला डेटा सर्रास 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवायचे. विंडोज व्हिस्टापासून त्या जागी लिहायला साध्या प्रोग्रामना मज्जाव झाला. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं : तुमच्या युजर फोल्डरमध्ये 'ॲपडेटा', त्यात 'लोकल', त्यात 'व्हर्च्युअलस्टोअर'. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. लोक 'प्रोग्राम फाइल्स'मधला फोल्डर उचलून नेतात, नव्या मशिनवर उघडतात आणि त्यांना दिसतात जुन्यापुराण्या किंवा कोऱ्या नोंदी. खरी फाइल मागेच राहिलेली असते, आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असते. हे फार वाईट वाटतं बघताना.

तुमच्याकडे विंडोज ७ आहे, त्यामुळे तपासणं सोपं आहे. प्रोग्रामचा फोल्डर उघडा. वरच्या पट्टीत 'कंपॅटिबिलिटी फाइल्स' असं बटण दिसलं, तर तुमचं लिखाण वळवलं गेलंय असं समजा. बटण दाबलं की थेट त्या जागी पोहोचाल. दोन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळे कॉपी करा. एकावर दुसरा टाकू नका, आणि फाइलींच्या तारखा पाहा : काल नोंद केली असेल, तर कालची तारीख असलेली फाइल सापडलीच पाहिजे.

प्रोग्राममध्ये एक्स्पोर्टची सोय असेल, तर सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्येही (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) काढून ठेवा. नसेल आणि डेटाच्या फाइली डीबीएफ (जुन्या डेटाबेसचा एक प्रकार) असतील, तरी काळजी नको. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधलं कॅल्क हे स्प्रेडशीट त्या उघडतं.

आता सेटअपकडे वळू. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळतं (बिटचा आकडा इथे प्रोग्रामची पिढी सांगतो : १६ जुनी, मग ३२, मग ६४). ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतात, १६-बिट चालत नाहीत. कंपॅटिबिलिटी मोड प्रोग्रामला जुन्या विंडोजचा भास करून देतो, पण १६-बिटसाठी लागणारी यंत्रणाच तिथे नसल्यावर तो तरी काय करणार? गंमत अशी की त्या काळी प्रोग्राम ३२-बिटचा, पण त्याचा सेटअप मात्र १६-बिटचा, असं बरेचदा असायचं. माझा दाट संशय तोच आहे.

खात्री करून घ्या. जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसच्या यादीत 'एनटीव्हीडीएम' (१६-बिट प्रोग्राम चालवणारी विंडोजची यंत्रणा) दिसतं का पाहा. दिसलं, तर प्रोग्रामच १६-बिटचा. नसेल, तर सेटअपला बगल देता येईल : कॉपी केलेला प्रोग्रामचा फोल्डर नव्या लॅपटॉपवर सी ड्राइव्हमध्ये स्वतंत्र जागी ठेवा, 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नको, आणि तिथूनच चालवून पाहा. एखादी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) नाही म्हणून अडला, तर ती जुन्या मशिनच्या 'सिस्टिम३२' फोल्डरमधून आणून प्रोग्रामशेजारी ठेवा. डीएलएल फुकट देणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका.

एवढ्यावर भागलं नाही, किंवा प्रोग्राम १६-बिटचाच निघाला, तर माझं मत व्हर्च्युअलबॉक्सच्या बाजूने. हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशिन, चालवतो. त्यात ३२-बिट विंडोज ७ बसवायचं आणि तुमची सीडी त्याच्या आत चालवायची. पूर्वी चालला तसाच चालेल. विंडोजचा परवाना मात्र तपासा. मशिनसोबत आलेला परवाना बहुधा त्याच मशिनपुरता असतो. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सर्वसामान्य सुरक्षा अपडेट बंद आहेत, तेव्हा या आतल्या मशिनचं नेटवर्क सेटिंगमधून बंदच ठेवा. झाडांच्या नोंदींना इंटरनेट लागत नाही. सगळं नीट बसलं की ते मशिन एक्स्पोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढचा लॅपटॉप घ्याल तेव्हा ती फाइल इम्पोर्ट केली की काम झालं.

कधी विंडोज सोडून लिनक्सकडे वळलात, तर तिथे विंडोजचे प्रोग्राम चालवणारं 'वाइन' वापरून पाहा. १९९३ पासून त्यावर काम सुरू आहे आणि कित्येक १६-बिट प्रोग्रामही त्यात चालतात.

प्रश्न : मॅकवर मोहावी (मॅकओएसची जुनी आवृत्ती) आहे. अपडेट केलं तर जुने प्रोग्राम चालतील का?

उत्तर : ३२-बिटचे चालणार नाहीत. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲपलने ते बंद केले. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'लेगसी सॉफ्टवेअर' अशी यादी आहे, ती आधी वाचा. तुमच्या कामाचं काही त्यात असेल, तर त्याची ६४-बिट आवृत्ती मिळेपर्यंत अपडेट थांबवा. इंटेल मॅकवर मोहावी व्हर्च्युअल मशिनमध्ये ठेवता येते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय नाही, हे नवा मॅक घेताना ध्यानात असू द्या. आणि ज्या प्रोग्रामना ॲक्टिव्हेशन लागतं, ते जुन्या मशिनवर डीॲक्टिव्हेट करूनच डिस्क पुसा.