सकाळी पाच-सहा झटक्यांनंतरच सुरू होणारा डेस्कटॉप : मदरबोर्ड बदलायच्या आधी एवढं पाहा

ताई, तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. गावात सेवा केंद्र, सात-आठ वर्षं जुना डेस्कटॉप. दिवाळीपासून सकाळी बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. पाच-सहादा बंद-चालू केल्यावर एकदाचा सुरू होतो आणि मग संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. मधूनच तारीख कितीतरी वर्षं मागं जाते, पोर्टल उघडत नाही. दोनदा 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं आलं. तालुक्याला दुकानात नेला तर पहिल्याच झटक्यात चालू. तरी दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड (आतली मुख्य पाटी) वीक झाला, बदला.

बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नको. आणि आज मशीन सुरू आहे तोवर अर्जदारांची कागदपत्रं, फोटो, हिशेब सगळं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

माझं दारव्ह्याला दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्या दुकानदाराला मी खोटा म्हणणार नाही, कारण तो बिघाड त्याला दिसलाच नाही. मशीन आमच्याकडे येते अकरा-बाराला, मोटारसायकलवर उन्हातून. तुमचा बिघाड सकाळी आठला, तुमच्याच खोलीत, तुमच्याच प्लगवर होतो. तो तिथंच पकडावा लागेल. आणि तुमच्या मशीनला एक नाही, दोन वेगळे आजार आहेत असं मला वाटतं.

सोपा आधी. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता (विजा-वादळाच्या दिवसांत तर केलंच पाहिजे), तेव्हा घड्याळ फक्त या सेलवर चालतं. सेल संपला की तारीख मागं जाते. वेबसाइटच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनच्या तारखेनं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर अडवून धरतो. लोक मग नेटवाल्याला शिव्या घालतात. सेलबरोबर बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममधल्या) सेटिंगही पुसल्या जाऊन कंपनीच्या मूळ सेटिंग येऊ शकतात. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती डिस्क कोणत्या पद्धतीनं वाचायची, हे बदललं की चांगली विंडोज असूनही 'बूट डिव्हाइस' मागते. यावर कोणी विंडोज नव्यानं टाकायला सांगितली तर थांबवा. सेल चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. प्लग काढून बदला, सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तारीख लावा. मशीन नीट चालू असलेल्या दिवशी त्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागत नाही.

आता काळी स्क्रीन. सेलनं हे सहसा होत नाही. माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे मागच्या पॉवर सप्लायच्या डब्यावर आहे, आणि त्याला कारण तुमचा 'दिवाळीपासून' हा शब्द. त्या डब्यात कपॅसिटर असतात, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, आतल्या द्रावणावर चालणारे. वर्षानुवर्षं आपला ४४-४५ अंशांचा उन्हाळा सोसून ते द्रावण सुकत जातं. सुकलेला कपॅसिटर गारठ्यात आणखीच आळशी होतो, थोडी ऊब मिळाली की वळणावर येतो. सप्लाय सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर मदरबोर्डला 'आता चाल' असा इशारा एका तारेवरून देतो. तो वेळेत आला नाही, किंवा व्होल्टेज थरथरत राहिलं, तर पंखा फिरतो पण पुढं काही घडत नाही. तुम्ही पाच-सहादा बटण दाबता तेव्हा खरं तर डबा शेकत असता.

हे मी पुस्तकातून नाही, खिशातून शिकलो. एका कृषी केंद्राच्या मशीनला अगदी असंच होत होतं. मी बोर्ड बदलला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन, "भाऊ, काऊन चालू नाही होऊन राह्यली?" डबा बदलला, तेव्हा थांबलं. बोर्डाचे पैसे परत करावे लागले आणि तो जुना बोर्ड पुढं दुसऱ्या मशीनमध्ये निमूट चालला.

पण दिवाळीनंतर आपल्याकडे आणखी एक गोष्ट सुरू होते, रब्बीचं पाणी. हरभरा-गव्हाला मोटारी लागल्या की, जिथं गावठाणाचा आणि शेतीचा फीडर (विजेची लाइन) वेगळा नाही तिथं, व्होल्टेज बसतं. म्हणजे संशयित दोन, थंडी आणि मोटारी, आणि दोघंही एकाच महिन्यात गावात आलेले. वेगळे करायचे तर साधा मल्टिमीटर घ्या आणि सकाळी आठला, मशीन अडते त्याच वेळी, त्याच प्लगमध्ये मोजा. मीटरचा नॉब एसीच्या ६०० किंवा ७५० वर आहे ना हे दोनदा पाहा, किंवा गावातल्या वायरमनला बोलवा. २३० च्या आसपास पाहिजे. १७०-१८० दिसलं तर डबा बदलूनही सुख नाही, आधी स्टॅबिलायझर किंवा यूपीएस. २२०-२३० असूनही स्क्रीन काळी, तर डबा.

मीटर हातात आहेच तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्येही मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर नको. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तुटलंय किंवा मुळात नाहीच. आपल्याकडे कितीतरी घरांत तिसऱ्या पिनमागं तारच नसते. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

डब्याची खात्री कशी करायची? मीटर डीसीवर घेतला की डब्यातून येणाऱ्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आले पाहिजेत. कमी आले तर डबा गेला. पण बरोबर आले म्हणजे डबा चांगला असं नाही, कारण साध्या मीटरला ती थरथर दिसत नाही. मी स्वतः मीटरपेक्षा उसन्या डब्यावर जास्त भरवसा ठेवतो. ओळखीच्या फोटो स्टुडिओतून किंवा कॉम्प्युटर क्लासमधून चालू डबा एका रात्रीसाठी आणा, जोडून ठेवा आणि दुसऱ्या सकाळी गारठ्यातच बटण दाबा. दुपारी तपासून उपयोग नाही. आणि जुना डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात. आम्हीही तो पाल शिरून मेलेली असली तरच उघडतो. हसू नका, दर पावसाळ्यात एखादी तरी निघते.

त्याआधी एक फुकटचं काम. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅमची (मेमरीची) पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं पुसा, रबराचा कीस ब्रशनं झटका, आणि दोन्ही बाजूंनी 'कट' आवाज येईपर्यंत बसवा. सोयाबीन काढणीत हवेत जो भुसा उडतो तो खाचेत बसला की अशीच काळी स्क्रीन येते. पण ती सहसा दुपारीही येते, म्हणून तुमच्याकडे संशयात मी रॅमला डब्यानंतरचा नंबर देतो.

लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढा आणि सरळ भिंतीवर लावा. त्यातला हीटर तापताना एवढा करंट ओढतो की छोटा यूपीएस मान टाकतो आणि मशीनही बंद पडते.

सेल आजच बदला, मीटरचे सकाळचे आकडे तीन दिवस वहीत लिहा आणि इथंच टाका. सोबत डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या कागदाचा फोटो टाका, म्हणजे किती वॅटचा आणायचा ते सांगतो.